गाडीतला व्हॉल्यूम कंट्रोल

मला गाडी चालवता येत नाही. एकदा मिस्टरांच्या स्कूटरचा क्लच सोडून बघितला होता. स्कूटर शेजारच्यांच्या ओट्यावर चढली आणि माझं शिक्षण तिथंच संपलं. तरी उल्हासनगरपासून बदलापूरपर्यंतचे गॅरेजवाले कितीतरी वर्षं माझ्या दुकानाची पायरी चढत होते. हातात फडक्यात गुंडाळलेला गाडीचा एखादा भाग असायचा आणि तोंडात एकच प्रश्न, "ताई, हा जिवंत आहे का मेला?"

रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारी बाई गाड्यांच्या वाटेला कशी गेली, हे सांगायचं तर आधी व्हॉल्यूम कंट्रोलबद्दल सांगायला हवं.

ऐंशीच्या दशकात मी अंबरनाथच्या इंडस्ट्रियल एरियात एका छोट्या कंपनीत कामाला होते. तिथं रेडिओचे व्हॉल्यूम कंट्रोल बनायचे. रेडिओचं बटण फिरवलं की आवाज कमीजास्त होतो ना, त्या बटणामागे एक छोटी डबी असते. डबीत घोड्याच्या नालासारखी वळलेली काळी पट्टी असते, कार्बनची. तिच्यावरून एक बारीक पितळी बोट सरकतं. बोट पट्टीवर जिथं असेल तसा करंट कमीजास्त जातो. बस, एवढंच यंत्र. वापरून वापरून पट्टी झिजली की बोट त्या जागी आल्यावर रेडिओ खरखरतो.

माझं काम टेस्टिंगचं. समोर काट्याचा मीटर, हातात डबीचा दांडा. दांडा हळूहळू फिरवायचा आणि नजर काट्यावर ठेवायची. काटा तेल ओघळल्यासारखा सरकला तर माल पास. मध्येच दचकला तर फेल. आम्ही मुली डबा खातानासुद्धा त्याच भाषेत बोलायचो. कुणी घरच्या गोष्टी सांगता सांगता गप्प झाली की बाकीच्या म्हणायच्या, "हिचा काटा दचकला बघ." मी इतक्या डब्या फिरवल्या होत्या, की पुढेपुढे मीटरकडे न बघतासुद्धा पट्टीचा खडबडीतपणा बोटांना कळायचा.

नव्वदच्या सुमारास त्या कंपनीला कुलूप लागलं. मी उल्हासनगरच्या कॅम्प चार भागात अर्धा गाळा भाड्यानं घेतला आणि रेडिओ-टीव्ही दुरुस्तीची पाटी लावली. गिऱ्हाईक यायचं, आत डोकावायचं, विचारायचं, "मेकॅनिक कुठं गेला?" मी म्हणायची, "मीच." काही जण रेडिओ ठेवायचे. बरेच जण तो परत काखेत मारून निघून जायचे. मिस्टर केमिकल कंपनीत शिफ्टला होते म्हणून घर चालायचं, पण वर्षभरात काही जमलं नाही तर गाळा सोडायचा, असं आमचं दोघांचं ठरलं होतं.

माझ्या शेजारच्या गाळ्यात लछूदादांचं गॅरेज. सिंधी माणूस, पोट मोठं, बनियनवर ग्रीसचे डाग. त्यांची एक सवय होती. रबरी पाइपचा तुकडा एका कानाला लावायचा आणि दुसरं टोक इंजिनवरून फिरवायचं, डॉक्टरसारखं. डोळे मिटून सांगायचे, "तीन नंबर का व्हॉल्व बोल रहा है." आणि तोच निघायचा. मला ते अदी म्हणायचे. सिंधीत बहिणीला अदी म्हणतात.

एके दिवशी त्यांच्या दारात एक लांबलचक परदेशी गाडी आली. आली म्हणजे टेम्पोनं ओढून आणली. स्टिअरिंग डावीकडे. आख्ख्या कॅम्पातली पोरं काचेला नाकं लावून बघायला लागली. मालक बाळाराम, बदलापूरजवळच्या चामटोलीचा. घरची शेती, पण हा बरीच वर्षं मस्कतला एका शेठकडे ड्रायव्हर होता. नोकरी सोडून येताना शेठनं आपली जुनी गाडी त्याला बक्षीस दिली होती.

"मस्कतला ही गारी पान्यासारखी चालायची," बाळाराम सांगत होता. "इथं आली नि मधीच मरते. परवा बायकोला तपासायला घेऊन गेलतो, येताना रस्त्यात बंद परली. तिला टेम्पोत बसवून घरी न्यायला लागली. आता ती सांगते, बालंतपनाला चालत जाईन, पन ह्या गारीत बसनार नाय."

बायकोचे दिवस भरत आले होते. पहिल्या खेपेचं मूल दवाखाना गाठायला उशीर झाल्यामुळे गेलं होतं. हे त्यानं खाली बघत सांगितलं आणि लछूदादांनी पाइप कानाला लावला.

पुढचे काही दिवस मी माझ्या दुकानातून बघत होते. प्लग बदलले. पेट्रोलचा फिल्टर बदलला. टाकी साफ केली. गाडीचं वागणंच विचित्र होतं. जागेवर उभी असताना इंजिन छान चालायचं. जोरात पळवली तरी पळायची. पण आरामात, एका चालीनं, चाळीस-पन्नासच्या स्पीडनं चालवली की आचके द्यायची आणि बंद पडायची. लछूदादांचा कान हरला, कारण उभ्या गाडीत काही ऐकूच यायचं नाही.

शेवटी त्यांनी ठरवलं. "बाळाराम, ये इंजेक्शन की गाडी है. इधर इसका कोई इलाज नहीं. सब निकाल के कार्बोरेटर डाल देते हैं."

इथं थोडं समजावून सांगते. इंजिनाला हवा आणि पेट्रोल ठरावीक प्रमाणात लागतं. कणीक भिजवताना परातीत पीठ किती आहे ते बघूनच आपण पाणी घालतो, तसंच. आपल्याकडच्या तेव्हाच्या गाड्यांत हे मिसळायचं काम कार्बोरेटर करायचा. इंजेक्शनच्या गाडीत आधी आत येणारी हवा मोजली जाते, आणि ते माप बघून एक छोटा कॉम्प्युटर पेट्रोल किती सोडायचं ते ठरवतो. तेव्हा आपल्याकडे ही गाडी बिघडली की बहुतेक मेकॅनिक ती सगळी यंत्रणा कापून काढायचे आणि दुसऱ्या गाडीचा कार्बोरेटर बसवायचे. गाडी चालायची, पण पहिली मजा जायची. आणि एकदा वायरी कापल्या की परत फिरायची सोय नाही.

बाळाराम हो म्हणाला, पण त्याचा चेहरा बघवेना. "शेठनी सोताच्या हातानी चावी दिली होती," एवढंच बोलला.

दुसऱ्या दिवशी सकाळी लछूदादांनी खोलायला सुरुवात केली. एअर फिल्टरच्या पुढे असलेली विटेएवढी अ‍ॅल्युमिनियमची पेटी काढून बाकावर ठेवली. मी सोल्डरिंगचं काम बाजूला ठेवून सहज बघायला गेले होते. पेटीच्या तोंडात एक पत्र्याची झडप होती, मांजराला ये-जा करायला दाराला ठेवावी तशी. मी बोटानं ती ढकलली. आत स्प्रिंग होती, झडप मऊपणे मागे गेली. सोडली, परत आली. परत ढकलली.

आणि माझ्या अंगावर काटा आला.

झडपेच्या मागे, त्या पेटीत कुठंतरी, एक बोट पट्टीवरून सरकत होतं! दिसत काहीच नव्हतं. पण माझ्या बोटांना ते कळत होतं. वर्षानुवर्षं रोज हेच तर केलं होतं.

"लछूदादा, हे काय आहे?"

"हवा का मीटर. जितनी हवा अंदर जाती है, उतना ये फाटक खुलता है. आगे कॉम्प्युटर को बोलता है."

"कसं बोलतो? आत काय आहे?"

"वो भगवान जाने. सील है."

मी धावत जाऊन माझा काट्याचा मीटर आणला. पेटीला पिनांचा सॉकेट होता. दोन-दोन पिना धरून बघता बघता योग्य जोडी सापडली, काटा उठला. मी झडप हळूहळू आत ढकलायला लागले. काटा सरकतोय, सरकतोय, तेल ओघळल्यासारखा. झडप साधारण एक तृतीयांश उघडली आणि काटा धाडकन खाली पडला. आणखी जराशी ढकलली, परत वर. परत मागे आणली. त्याच जागी, परत धाडकन.

"दचकला!" मी ओरडले. "दादा, काटा दचकला!"

लछूदादांना काही कळेना. मी त्यांचा हात धरून झडपेवर ठेवला आणि मीटर त्यांच्या नाकासमोर धरला. त्यांनी स्वतः झडप ढकलली. काटा पडला. त्यांनी ढेरी सावरत माझ्याकडे बघितलं. मग गाडी मधल्याच स्पीडला का मरते, हे कोडं त्यांनीच सोडवलं.

"अदी, आराम से चलाओ तो फाटक इतना ही खुलता है. यहीं पे!" ते झडप त्या जागी धरून नाचायचेच बाकी होते. "खडी गाडी में फाटक बंद रहता है, तेज भगाओ तो पूरा खुलता है. बीच में आता है तो यहां मरता है!"

हीच जागा का झिजली तेही मग आम्हाला समजलं. बाळारामचा मस्कतचा शेठ म्हातारा होता, त्याला सावकाश फिरायला आवडायचं. वर्षानुवर्षं ते पितळी बोट पट्टीवर एकाच ठिकाणी थरथरत उभं होतं.

बाळाराम तोपर्यंत आला होता. मी त्याला म्हटलं, "आजचा दिवस मला द्या. ही पेटी मी उघडते. नाहीच जमलं तर कार्बोरेटर आहेच."

तो लछूदादांकडे बघायला लागला. लछूदादा म्हणाले, "मेरे से नहीं हुआ. इसको करने दे."

पेटीचं काळं झाकण चिकटवलेलं होतं. ब्लेडनं कडेकडेनं कापत गेले. झाकण निघालं आणि मी मोठ्यानं हसले. आत पांढऱ्या चिनी मातीच्या पाटीवर तीच काळी कमान, तेच पितळी बोट! नुसतं आमच्या कंपनीतल्यापेक्षा मोठं आणि देखणं. कमानीवर बोटाच्या वाटेवर एक रेघ चकचकत होती, आणि त्या एका जागी तर कार्बन खरवडून खालचा पांढरा दिसत होता. नवी पट्टी मिळणं शक्य नव्हतं. पण कमान रुंद होती. बोट जरासं बाहेरच्या बाजूला वाकवलं, तर ते कोऱ्या वाटेवरून चालणार होतं. चिमटा घेतला, श्वास रोखला, बोट वाकवलं. मीटर लावला. काटा या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदाही न दचकता गेला.

मी खुशीत बोटाची पकड तपासायला गेले आणि खालून आवाज आला, टिक.

बोटाच्या खाली एक दातेरी चाक होतं, स्प्रिंगचा ताण धरून ठेवणारं. माझ्या चिमट्याच्या धक्क्यानं त्याची पकड सुटली होती आणि चाक काही दाते फिरलं होतं. किती, ते कुणाला ठाऊक! मी खूण केली नव्हती.

अंदाजानं चाक मागे घेतलं, पेटी बसवली. बाळारामनं चावी मारली. इंजिन चालू झालं आणि मागून काळा धूर असा निघाला की समोरचा पानवाला खोकायला लागला. झडप सैल झाली होती. थोड्या हवेलासुद्धा जास्त उघडत होती, म्हणून पेट्रोल जास्त येत होतं. बाळारामचा चेहरा उतरला.

लछूदादा मात्र खूश दिसत होते. ते सायलेन्सरमागे जाऊन उकिडवे बसले. "अब मेरा काम है. तू एक एक दांत घुमा, मैं सूंघता हूं."

मी एक दाता फिरवायची, बाळाराम इंजिन चालू करायचा, लछूदादा मागून ओरडायचे, "और! और! थोडा और!" एकदा जास्त झालं, इंजिन कोरडं खोकलं. "एक पीछे!" मी एक दाता मागे घेतला. इंजिन शिवणयंत्रासारखं एकसुरात चालायला लागलं. लछूदादा उठले, रबरी पाइप कानाला लावून इंजिनवर वाकले आणि डोळे मिटून नुसतं ऐकत राहिले. मी पर्समधून नेलपॉलिश काढलं आणि चाकावर लाल ठिपका दिला. त्या दिवसानंतर खूण केल्याशिवाय मी एकही चाक हलवलं नाही.

पण खरी परीक्षा रस्त्यावर होती. बाळाराम डावीकडे स्टिअरिंगवर, लछूदादा मागे, आणि मला बसवलं पुढं उजवीकडे. समोरून येणारा प्रत्येक ट्रक माझ्या अंगावर येत होता आणि माझ्यापुढे ना स्टिअरिंग ना ब्रेक. अंबरनाथ मागे पडलं. "आता चाळीसवर धरा," मी म्हणाले. काटा चाळीसवर. पंचेचाळीस. पन्नास. परत चाळीस. एक आचका नाही! बदलापूर येईपर्यंत बाळाराम गाणं म्हणायला लागला होता. त्यानं गाडी थांबवलीच नाही, सरळ चामटोलीला घरी नेली.

त्याची बायको वनिता अंगणात उभी होती, कमरेवर हात ठेवून. नवऱ्यानं दार उघडलं. ती जागची हलली नाही. "मेला तो खटारा," म्हणाली. "मी नाय बसायची."

मी उतरले, तिच्याजवळ गेले. "गाडी मी दुरुस्त केलीय. मागच्या सीटवर मी तुझ्याशेजारी बसते. बंद पडली तर दोघी चालत येऊ."

तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुमी? बाईमानसानी?"

"मी."

ती बसली. माझा हात घट्ट धरून बसली. बदलापूर स्टेशनपर्यंत गेलो, परत आलो. परतीच्या वाटेवर तिची पकड सैल झाली आणि ती खिडकीतून बघायला लागली. पुढच्याच आठवड्यात त्याच गाडीतून ती वेळेवर दवाखान्यात पोचली. मुलगी झाली. बाळाराम पेढे घेऊन आला तेव्हा आधी माझ्या दुकानात आला, मग लछूदादांकडे. लछूदादा त्यावरून मला कितीतरी दिवस चिडवत होते.

ही गोष्ट बाळारामनं गावोगाव सांगितली. आखाती देशांतून आलेल्या गाड्या या भागात बऱ्याच होत्या आणि त्यांचे मालक वैतागलेले होते. माझा गाळा राहिला. पेंटरला बोलावून पाटीवर "गाडीचे मीटर" हे दोन शब्द वाढवले, तर लोक टॅक्सीचे मीटर घेऊन यायला लागले. ते परत पाठवताना पुरेवाट व्हायची.

आज मेकॅनिक गाडीला स्कॅनर लावतात, पडद्यावर नाव येतं, भाग बदलतात. काम झटपट होतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. वाईट एवढंच वाटतं, की झाकण उघडून आत बघायचा आनंद आता कुणाला मिळत नाही.

तो आनंद मला सगळ्यात जास्त दिला तो एका वेगळ्याच गाडीनं. नव्वदचं दशक उतरणीला लागलं होतं. कॅम्प पाचमध्ये जीन्सचा कारखाना असलेल्या एका शेठनी जुनी युरोपातली गाडी घेतली होती. तक्रार अशी, की गाडीत दम नाही, चढावर रडते. लछूदादांनी हवेच्या मीटरचा प्लग काढून बघितला. बाळारामच्या गाडीत हा प्लग काढला की पेट्रोलचा पंपच थांबायचा. इथं उलटंच झालं. प्लग काढला आणि गाडी जास्त चांगली चालायला लागली!

"तो फिर लगाते ही क्यों हो?" शेठ म्हणाले. "फेंक दो!"

"साईं, फिर कॉम्प्युटर अंदाज से पेट्रोल डालेगा. पेट्रोल पंप साथ में बांध के घूमना पडेगा," लछूदादा म्हणाले.

म्हणजे मीटर चुकीचं माप सांगत होता. मी तो उघडायला घेतला, तर आत झडप नाही, पट्टी नाही, बोट नाही! नुसत्या पोकळ नळीत केसाहून बारीक एक तार ताणलेली. मी चाटच पडले. दोन दिवस त्या तारेभोवती घिरट्या घातल्यावर डोक्यात प्रकाश पडला. ही तार करंटनं गरम ठेवलेली असते. वारा लागला की ती निवते, आपण चहावर फुंकर मारतो तशी. तिला गरम ठेवायला जितका करंट जास्त लागेल, तितकी हवा जास्त. या तारेवर धुळीचं पुट चढलं होतं, म्हणून तिला वारा नीट लागतच नव्हता. थेंबथेंब स्पिरिट सोडून तार धुतली. गाडी पळाली. शेठ खूश.

काही आठवड्यांनी शेठ परत. तीच तक्रार. परत धुतली. परत आले. आता मला राग आला, शेठचा नाही, त्या तारेचा. बाकीच्या अशा गाड्यांत ती इतक्या लवकर मळत नसणार, मग इथंच का? मीटरच्या वायरी एकेक करून मोजत गेले. बाकी सगळ्या कॉम्प्युटरशी नीट बोलत होत्या. एक वायर मात्र वेगळीच निघाली. ती डॅशबोर्डखालच्या एका छोट्या डबीत जात होती. डबी उघडली. आत एका सोल्डरला केसाएवढी चीर. ही वायर कशासाठी आहे ते मला अजिबात ठाऊक नव्हतं. पण तुटलेलं जोडायचं, एवढं कळत होतं. जोडलं.

लछूदादांनी इंजिन तापेपर्यंत चालवलं, जोरात रेस केलं आणि बंद केलं. मी नळीत डोळा घालून तारेवर काही धूळ बसली का ते बघत होते. गाडी बंद, सगळीकडे शांत. आणि अचानक ती तार लालभडक झाली!

"दादा, पेटली! तार पेटली!"

लछूदादा ओलं गोणपाट घेऊन धावत आले. तोवर तार विझली होती. जशीच्या तशी, चकचकीत. आम्ही एकमेकांकडे बघितलं. "फिर से," ते म्हणाले. परत इंजिन चालू, परत बंद. आम्ही दोघं नळीवर वाकलो. क्षणभर काहीच नाही, आणि मग परत लाल, क्षणभरच.

"जाळते!" मी म्हणाले. "दादा, गाडी बंद केली की ती स्वतःवरची धूळ स्वतःच जाळते! वायर तुटली होती म्हणून जाळता येत नव्हती!"

लछूदादांनी कपाळावर हात मारला आणि असे हसले की त्यांना बाकावर बसावं लागलं. मग त्यांनी पानवाल्याला हाक मारली. पानवाल्यानं समोरच्या टेलरला आणलं. टेलरच्या मागे त्याचं गिऱ्हाईक, अर्धा शिवलेला शर्ट अंगात तसाच. प्रत्येकाला बघायचं होतं. प्रत्येकासाठी लछूदादा इंजिन चालू करत होते, बंद करत होते. तेवढ्यात शेठ आले, गर्दी बघून घाबरले, आणि काय झालं ते कळल्यावर सगळ्यांना बाजूला सारत पुढं घुसले. "मेरी गाडी है! पहले मैं देखूंगा!"

ऊन लख्ख होतं, नळीत नीट दिसेना. मी पदर सोडून शेठच्या डोक्यावर आणि नळीवर धरला, अंधार केला. इंजिन बंद झालं. शेठ वाकलेले, श्वास रोखून, आणि गाडीतून लछूदादांचा आवाज आला, "पलक मत झपकाना, साईं! अब आएगा!"